फौज मंजूर झाली, पैसे कुठे आहेत? गोखल्यांपासून पर्वतीय कोअरपर्यंत



लढायांच्या गोष्टी ऐकायला सगळ्यांनाच आवडतात. आज मात्र मी तुम्हाला एका रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे नेणार आहे. सरकार फौज वाढवायचं ठरवतं, तेव्हा त्याचा पैसा कुठून येणार, किती वर्षांत येणार आणि हे कुणाला सांगितलं जाणार, हा तो विषय. "संरक्षणाचा खर्च गुप्तच असायला हवा, त्यात काय विचारायचं?" असं बरेच जण म्हणतात. माझ्यासारखे निवृत्त फौजीही म्हणतात. मला ते पटत नाही. फौजवाढीचा हिशेब झाकून ठेवला, तर त्याचा भुर्दंड शेवटी आपल्याच जवानाला बसतो. कसा, ते तीन काळांतल्या तीन उदाहरणांवरून पाहू.

त्याआधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. नवी डिव्हिजन "उभी करायची" म्हणजे नेमकं काय करायचं?

नवी पलटण शून्यातून तयार होत नाही. जुन्या पलटणींमधून अनुभवी सुभेदार, हवालदार, क्लार्क, ड्रायव्हर, सिग्नलवाले काढून तिचा पाया घातला जातो. मग रेजिमेंटल सेंटरमधून नवे रंगरूट येतात. या माणसांना रायफली लागतात, गाड्या लागतात, रेडिओ संच, तोफा, बर्फातले कपडे, बराकी, दारूगोळ्याची कोठारं लागतात. पगार आणि रेशन महसुली खर्चातून येतं, तोफा आणि गाड्या भांडवली खर्चातून. माणूस एकदा भरती झाला की त्याचा खर्च दर महिन्याला सुरू राहतो आणि पुढे पेन्शनच्या रूपाने चालूच राहतो. सामान मात्र ऑर्डर दिल्यावर काही वर्षांनी मिळतं.

म्हणजे फौजवाढीच्या मंजुरीत तीन आकडे एकत्र असावे लागतात : माणसं किती, एकूण पैसा किती, आणि कोणत्या वर्षी किती. यातला तिसरा आकडा नसेल, तर माणसं येतात आणि सामान येत नाही. मग ते आणायचं कुठून? आधीच भरलेल्या कोठारातून. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

मत देता येत नव्हतं तेव्हा

राजाला संसदेच्या संमतीशिवाय शांततेच्या काळात कायमची फौज बाळगता येणार नाही, हे तत्त्व इंग्लंडने १६८९ साली आपल्या हक्कांच्या सनदेत लिहून ठेवलं. फौजेचा पैसा कुणाच्या खिशातून येतो, त्याला विचारा, असा त्याचा साधा अर्थ. हेच इंग्रज भारतात आल्यावर मात्र हे तत्त्व मायदेशी ठेवून आले.

१८९५ साली भारताच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी एक रॉयल कमिशन नेमलं गेलं. वेल्बी कमिशन म्हणून ते ओळखलं जातं. दादाभाई नौरोजी त्याचे सदस्य होते. पुण्याच्या डेक्कन सभेच्या वतीने गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ साली लंडनला जाऊन त्याच्यासमोर साक्ष दिली. तेव्हा गोखल्यांनी वयाची तिशी नुकतीच ओलांडली होती. लष्करी खर्च हा हिंदी तिजोरीवरचा सर्वांत मोठ्या बोजांपैकी एक होता आणि भारताबाहेरच्या मोहिमांचाही भार या तिजोरीवर टाकला जात होता. या सगळ्याबद्दल कर भरणाऱ्या रयतेला कोणीच विचारत नव्हतं.

पुढे गोखले व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात गेले. १८९२च्या कायद्याने सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलायची मुभा दिली होती, मत द्यायची नाही. त्याच काळात, १९०२ साली, लॉर्ड किचनर भारताचे सरसेनापती झाले. वायव्य सरहद्दीवरून रशिया येईल या भीतीपोटी त्यांनी हिंदी फौजेची नव्याने रचना करून नऊ डिव्हिजन रणांगणावर उतरवता येतील अशी योजना आखली. गोखले वर्षामागून वर्ष अर्थसंकल्पाच्या चर्चेत उभे राहत आणि लष्करी खर्चाचे आकडे काढून दाखवत. एका बाजूला सरकारजवळ शिल्लक साठते आहे, ती फौजेकडे वळते आहे आणि प्राथमिक शिक्षणाला पैसा नाही, हे ते सरकारच्याच हिशेबातून सिद्ध करत. १९०५ साली जपानने रशियाचा पराभव केल्यावर, आता या पुनर्रचनेच्या खर्चाची एवढी निकड उरली आहे का, असा प्रश्न त्यांनी लावून धरला.

गोखले काही फौजेच्या विरोधात नव्हते. त्यांची मागणी एवढीच होती की ज्याच्या पैशावर फौज वाढते, त्याला कारण आणि किंमत सांगा. सरकार ऐकून घेई आणि आपलं तेच करी, कारण मताचा अधिकार नव्हता. पुढे १९१९ आणि १९३५च्या कायद्यांनी बरंच काही बदललं, पण संरक्षणाचा खर्च मतदानाच्या बाहेरच राहिला. स्वराज्यात तो अधिकार मिळाला. आज संरक्षणाच्या मागण्यांवर लोकसभेचं मत लागतं आणि विनियोजन विधेयकाशिवाय तिजोरीतून पैसा निघत नाही. तो अधिकार आपण कसा वापरला, हे पुढच्या दोन उदाहरणांत दिसतं.

१९६४ : आकडा सभागृहात

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. महिन्याभरात नेफामध्ये आपली फळी कोसळली. कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि मुंबईहून यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून आले. "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे वाक्य तेव्हापासून मराठी घराघरात आहे. त्या वाक्याच्या अभिमानात आपण यशवंतरावांचं एक काम विसरतो, आणि ते काम जमाखर्चाचं होतं.

युद्धाआधीची परिस्थिती काय होती? १९६१च्या अखेरीस सरकारने पुढे पुढे चौक्या टाकण्याचं धोरण घेतलं. चौक्या पुढे गेल्या, पण त्यांना आधार देणारे रस्ते, तोफा, कुमक आणि साठा मागून गेला नाही. १९६२-६३च्या मूळ अर्थसंकल्पात संरक्षणाला जेमतेम पावणेचारशे कोटी रुपये होते. महत्त्वाकांक्षा आणि तरतूद यांत अंतर पडलं की काय होतं, ते थाग ला आणि से ला इथल्या जवानांनी सुती कपड्यांत, मोजक्या गोळ्यांनिशी अनुभवलं.

युद्धानंतर १९६३-६४च्या अर्थसंकल्पात मोरारजी देसाईंनी संरक्षणासाठी सुमारे ८६७ कोटींची तरतूद केली. एका वर्षात दुपटीहून जास्त! त्यासाठी नवे कर आले, सक्तीची बचत योजना आली. त्याच वर्षी सोने नियंत्रणाचा आदेश निघाला आणि चौदा कॅरटहून जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. हजारो सोनार बेकार झाले. लोक चिडले, मोर्चे निघाले, सक्तीची बचत पुढे मागे घ्यावी लागली. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर पहिला अविश्वास ठराव आणला. त्याच चर्चेत डॉ. राममनोहर लोहियांनी गरीब माणूस रोज तीन आण्यांवर जगतो, हा मुद्दा मांडून सभागृह हादरवलं. सीमेवर पराभव होऊन वर्षही झालं नव्हतं, तरी "आता प्रश्न विचारू नका" असं म्हणून संसद गप्प बसवली गेली नाही.

या वातावरणात चव्हाणांनी सप्टेंबर १९६४ मध्ये संसदेसमोर १९६४ ते १९६९ या पाच वर्षांची संरक्षण योजना मांडली. तिचा गाभा तुम्हाला आजही चार ओळींत सांगता येतो. लष्कर ८,२५,००० माणसांचं. हवाई दल ४५ स्क्वाड्रनचं. नौदलाच्या जुन्या जहाजांच्या जागी टप्प्याटप्प्याने नवी जहाजं. सीमेवरचे रस्ते आणि देशातलं शस्त्रोत्पादन यांत वाढ. एकूण खर्च पाच वर्षांत सुमारे ५,००० कोटी रुपये आणि त्यातला काही भाग परकीय चलनात, जे तेव्हा सोन्याहून दुर्मीळ होतं.

माणसं किती, पैसा किती आणि किती वर्षांत, हे तिन्ही एकाच निवेदनात आणि तेही सभागृहात. कोणती डिव्हिजन कुठे बसेल, तोफा किती, कोणत्या खिंडीची काय तयारी, हे त्यात नव्हतं आणि असायलाही नको होतं. चीनला आणि पाकिस्तानला एकूण आकडा कळला म्हणून आपलं काही बिघडलं नाही. भारत आता गंभीर आहे, हा संदेशच त्यातून गेला.

त्या काळाचं कौतुक करताना एक गोष्ट झाकू नये. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. चव्हाणांनी त्याच्या निष्कर्षांबद्दल संसदेत निवेदन केलं, पण अहवाल खुला केला नाही. त्यानंतरच्या कोणत्याही पक्षाच्या सरकारनेही केला नाही. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग परस्पर इंटरनेटवर टाकला, तेव्हा कुठे लोकांना तो वाचायला मिळाला. म्हणजे तेव्हाचं सरकार सगळंच उघड करणारं होतं, असं मुळीच नाही. पण पुढच्या पैशाबद्दल ते स्पष्ट बोललं.

फळ काय मिळालं? पर्वतीय डिव्हिजन उभ्या राहिल्या. इमर्जन्सी कमिशनवर हजारो तरुण अधिकारी झाले. १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर ढाक्याकडे निघालेल्या आपल्या डिव्हिजनांपैकी बहुतेक पर्वतीय होत्या आणि त्यांतल्या काही १९६२ नंतरच जन्माला आलेल्या. त्या विजयाला अनेक हात लागले. पण त्या डिव्हिजनांना माणसं आणि सामान मिळालं होतं, कारण त्यांच्यासाठी पैसा आधी ठरला होता.

२०१३ : कोअर आहे, ओळ नाही

आता जवळच्या काळात येऊ. १७ जुलै २०१३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने चीन सीमेसाठी नवी पर्वतीय स्ट्राइक कोअर मंजूर केली. आकडे बाहेर आले ते असे : सुमारे ९०,००० नवे सैनिक आणि सुमारे ६४,६७८ कोटी रुपये, सात-आठ वर्षांत. जानेवारी २०१४ मध्ये रांचीला १७ कोअरची उभारणी सुरू झाली. "ब्रह्मास्त्र" असं तिचं नाव. लष्करी दृष्टीने विचार योग्य होता. चीन आत घुसला तर आपणही डोंगर ओलांडून प्रतिहल्ला करू शकू, एवढी ताकद हाताशी असावी. आमच्या पिढीतल्या बहुतेक अधिकाऱ्यांना हे वाटत होतं.

पण अर्थसंकल्पात या कोअरच्या नावाने वेगळी तरतूद कुठे होती? नव्हती. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने पुढच्या काळात हेच विचारलं. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी (निवृत्त) तेव्हा समितीचे अध्यक्ष होते. समितीच्या लक्षात आलं की कोअरसाठी स्वतंत्र पैसा दिलेला नाही आणि लष्कर तिची गरज युद्धासाठी राखून ठेवलेल्या साठ्यातून भागवत आहे.

या साठ्याला फौजेत वॉर वेस्टेज रिझर्व्ह म्हणतात. युद्ध सुरू झालं की रोज गोळे खर्च होतात, गाड्या निकामी होतात, हत्यारं तुटतात. ती भरून काढण्यासाठी शांततेच्या काळात जो साठा हात न लावता ठेवायचा, तो हा. घरातल्या आजारपणासाठी ठेवलेल्या पैशातून लग्नाचा मांडव घालावा, तसा हा प्रकार. मांडव उभा राहतो, पाहुण्यांना शोभा दिसते. घरात कोणी आजारी पडलं तरच कळतं, काय झालं ते.

साठ्याची आधीची अवस्था तरी भक्कम होती का? २०१५ मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या कॅगच्या अहवालाने याचं उत्तर दिलं. ४० दिवसांच्या घनघोर युद्धाला पुरेल एवढा दारूगोळा ठेवायचा, असा निकष होता. मार्च २०१३ मध्ये तपासलेल्या १७० प्रकारांपैकी फक्त १७ प्रकार या निकषाला उतरत होते. ८५ प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरला नसता. ही तूट नव्या कोअरच्या आधीपासूनची होती, तिचं खापर कोअरवर फोडता येणार नाही. पण ज्या घरातलं धान्य आधीच तळाला गेलंय, त्याच घरात आणखी खाणारी तोंडं आणली आणि किराण्याचे पैसे वाढवले नाहीत, हे खरं आहे.

पुढे मनोहर पर्रीकर गोव्याहून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. २०१५ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की पैशाअभावी ही कोअर छोटी करावी लागेल : सुमारे ३५,००० माणसं आणि ३८,००० कोटी. राजकारणात अशी गोष्ट कोणी सहसा बोलत नाही. ते बोलले, हे चांगलं केलं. पण यातून एक प्रश्न उरतोच. ६४,६७८ कोटींचा आकडा मंजूर करताना तो कोणत्या वर्षी कसा येणार, हे संसदेसमोर वर्षवार मांडलं असतं, तर दोन वर्षांत निम्म्यावर यायची वेळ आली असती का? अर्थ मंत्रालयाला तेव्हाच उभं राहून "एवढं जमणार नाही" किंवा "एवढं देतो" म्हणावं लागलं असतं. दोन्हीपैकी कोणतंही उत्तर फौजेला चाललं असतं. "मंजूर आहे, पण पैसे नाहीत" हे उत्तर चालत नाही.

मार्च २०१८ मधला एक आठवडा मी या विषयातला सर्वांत बोलका मानतो. स्थायी समितीचा अहवाल संसदेत आला. त्यात लष्कराच्या उपप्रमुखांनी, लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी, दिलेली माहिती होती. लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट वर्गात मोडते. आधुनिकीकरणासाठी मिळालेले २१,३३८ कोटी रुपये आधीच केलेल्या करारांचे २९,०३३ कोटींचे हप्ते भागवायलाही पुरत नाहीत. सेवेतला एक वरिष्ठ अधिकारी लोकप्रतिनिधींसमोर इतकं स्पष्ट बोलला. आणि त्याच आठवड्यात लोकसभेने गदारोळात सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या, संरक्षणाच्या धरून, चर्चेविना एकत्र मंजूर करून टाकल्या. संसदेच्या भाषेत याला गिलोटिन म्हणतात.

गोखल्यांना बोलायचा हक्क होता आणि मत देता येत नव्हतं. आपल्या खासदारांना मताचा हक्क होता आणि ते बोललेच नाहीत.

गुप्त काय, उघड काय

"कर्नल, तुम्ही सगळं उघड करायला निघालात," असं कोणी म्हणेल. नाही. सैन्याची मांडणी, युद्धयोजना, कोणत्या ठिकाणी कोणता साठा किती, टेहळणीची साधनं, हे गुप्तच राहिलं पाहिजे. मी स्वतः गुप्ततेची शपथ पाळत नोकरी केली आहे. पण नव्या फौजेची एकूण संख्या, एकूण खर्च, वर्षवार तरतूद आणि वर्षाअखेरीस त्यातलं किती झालं, हे उघड ठेवल्याने शत्रूला काहीही मिळत नाही. सीमेवर नवी कोअर आली हे त्याला उपग्रहातून तसंही दिसतं. अंधारात राहतो तो आपला नागरिक.

लोकशाही देश हे करतात. अमेरिकेची काँग्रेस दरवर्षी कायद्यानेच ठरवते की सैन्यदलांत किती माणसं असतील. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर जर्मनीने २०२२ मध्ये १०० अब्ज युरोंचा वेगळा निधी उभा केला आणि त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती केली. संसदेत वाद झाला, मतदान झालं, आकडा जगाने वाचला.

आपल्याकडे मात्र संरक्षणाच्या दहाव्या आणि अकराव्या पंचवार्षिक योजनांना सरकारची औपचारिक मंजुरीच मिळाली नाही. न खर्चलेला भांडवली पैसा ३१ मार्चला परत जातो, म्हणून २००४च्या अंतरिम अर्थसंकल्पात २५,००० कोटींच्या न संपणाऱ्या निधीची घोषणा झाली. तो प्रत्यक्षात आला नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी अशाच निधीची शिफारस पुन्हा केली. दुसऱ्या बाजूला, २०१७ नंतर काही वर्षं कॅगचे संरक्षणविषयक अहवाल संकेतस्थळावर टाकायचं बंद झालं. ते संसदेत मांडले जात, पण नांदेडच्या किंवा इंदूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला ते घरबसल्या वाचता येईनात. ज्या अहवालाने २०१५ मध्ये दारूगोळ्याची तूट दाखवली आणि सरकारला खरेदीचे अधिकार लष्कराकडे द्यायला प्रवृत्त केलं, तशाच अहवालांची ही गोष्ट आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी नवी कोअर, नवी डिव्हिजन किंवा मोठी भरती जाहीर झाल्याची बातमी टीव्हीवर झळकेल, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. त्यानंतर १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प आला की संरक्षणाच्या मागण्या उघडून बघा. त्या फौजेसाठी यंदाची रक्कम कुठे आहे? पुढच्या वर्षाची कुठे सांगितली आहे? नव्या माणसांसाठी सामान नवं येणार की जुन्या कोठारातून निघणार? स्थायी समितीचा अहवाल काय म्हणतो? उत्तर सापडलं नाही, तर तुमच्या खासदाराला पत्र लिहा. पक्ष कोणताही असो.

हे विचारणं म्हणजे फौजेवर अविश्वास नव्हे. सीमेवरचा जवान स्वतः हा प्रश्न विचारू शकत नाही, शिस्त त्याला आडवी येते. तो मिळेल त्या सामानानिशी उभा राहतो. त्याच्या वतीने विचारायचं काम आपलं आहे.

जय हिंद.